चौथी सही

शुक्रवार, ४ एप्रिल

प्रिय टाचणी,

वर उजव्या कोपऱ्यात तारीख, खाली मायना, मग समास सोडून मजकूर. ईमेलमध्ये समास दिसत नाही, पण मी सोडलाय असं समज. शाळेत सिस्टर आधी प्रकृतीची चौकशी करायला लावायच्या आणि बातमी मागाहून. तेवढं मात्र माझ्याच्याने होत नाहीये. त्याचे दोन गुण कापून घे.

माझं नवीन मशीन लागलं!

टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीतच. जिन्यात अजून तसाच रबराचा वास येतो आणि वरच्या वळणावर अजून डोकं आपटतं. एक बाजू मी धरली, एक तुझ्या दादाने. अर्ध्या जिन्यात तो थांबला आणि म्हणाला, "या वयात लोक नातवंडं उचलतात."

मी म्हटलं, "नातवंडं दर तासाला मत देत नाहीत."

"देतात. तू विचारत नाहीस."

मशीन चालू केलं, दिवे लागले, आणि तासाचा ठोका पडताच त्याने आपलं पहिलं मत धाडलं. टाचणी, मी टाळ्या वाजवल्या. एकटीने, उभ्या उभ्या, साठी उलटलेल्या बाईने. खालून टायरवाला धावत वर आला, त्याला वाटलं काहीतरी फुटलं.

आल्यावर तो जाईना. "बाई, एवढी वर्षं भाडं भरता, या डब्यात असतं तरी काय?" मग मी त्याच्याच गल्ल्यावरची तीन बिलांची पाकिटं घेतली आणि एकात एक घातली. म्हटलं, समजा तुम्हाला कुणाला पत्र लिहायचंय आणि मधल्या कुणालाही कळू द्यायचं नाही. तर असं तीन पाकिटांत घालायचं आणि तीन अनोळखी माणसांच्या हातून धाडायचं. प्रत्येकाने आपलं एकच पाकीट फोडायचं आणि आतलं पुढच्याला द्यायचं. पहिल्याला कळतं पत्र कुणाचं, पण कुठे चाललंय ते नाही. शेवटच्याला कळतं कुठे चाललंय, पण कुणाचं ते नाही. जगभरचे हजारो कॉम्प्युटर हे काम फुकट करतात, त्यांना आम्ही रिले म्हणतो.

"आणि तुमचा डबा?"

"यातले कोण जागेवर आहेत, कोण आजारी, कोण लबाड, याची यादी करतो. दर तासाला नवी. लोक ती बघून आपले तीन हात निवडतात."

"म्हणजे तुम्ही पोस्टमनांची हजेरी घेता!"

एवढ्या वर्षांत इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. पण एकटी नाही घेत. एकटीला कुणी धमकावलं, फितवलं, तर? आम्ही सात जण आहोत, सात गावांत. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि आपलं मत द्यायचं. मग मतं मोजायची. सातांपैकी चौघांच्या सह्या झाल्या की ती यादी खरी."

"आणि तुमच्यातच भांडण झालं तर?"

मी म्हटलं, टायर कसे दिलेत?

तर त्यावरूनच. प्रोग्रॅमची नवीन आवृत्ती या महिनाअखेर निघायची आहे. आपल्या सातांचे पत्ते प्रोग्रॅममध्येच कोरलेले असतात हे तुला मी काय सांगू, तूच कोरलेस. तुझं मशीन दोन वर्षं बंद आहे. सगळ्यांनी माझ्यावर काम सोपवलं की तुला विचारावं, तुझी खुर्ची ठेवायची की काढायची. एका शब्दात उत्तर दिलंस तरी चालेल.

फोन करत नाही. "बोलताना तू समोरच्याला बरं वाटेल ते बोलतेस, लिहिताना तरी खरं लिहितेस. काही असेल तर लिही," असं तूच बजावलं होतंस.

गुडघा कसा आहे? हे मी शेवटी विचारलं, पण विचारलं.

तुझी,
उशी


रविवार, १३ एप्रिल

प्रिय टाचणी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पेटी चालू आहे. उघडतेस की नाही ते तुझं तुला माहीत.

आज कपाट आवरताना शिवणाच्या तासाची डबी सापडली. निळी, झाकणाला पोचा आलेली. आठवतं? पहिल्याच दिवशी सिस्टरांनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "ही टाचणी आणि ही उशी, दोघींना एका बाकावर बसवा, म्हणजे कुणाला टोचणार नाही." सगळा वर्ग हसला. तू नाही हसलीस. मधल्या सुट्टीत मला म्हणालीस, "मी तुला टोचले तर सांग. मला कळत नाही."

तूच मला तुमच्या घरात आणलंस. दादाला म्हणालीस, "हिच्याशी लग्न कर, हिला भांडता येत नाही, तुला बरं पडेल." तो अजून म्हणतो की माल सांगितल्याप्रमाणे निघाला नाही.

आणि मग तू एक बॅग घेऊन आमच्या दारात उभी राहिलीस तो दिवस. तो विषय तुला नको असतो, म्हणून एवढंच लिहिते: पाकीट वाफेवर धरून उघडलं की वरची कड कशी लाटेसारखी होते, ते तू मला त्या दिवशी स्वयंपाकघरात दाखवलंस. माझीच पत्रं होती ती. मी तुला लिहिलेली, आणि तुझ्या नवऱ्याने तुझ्याआधी वाचलेली. इस्त्रीखाली धरून तू ती कड सपाट करायचा प्रयत्न करत होतीस आणि ती होत नव्हती. आपलं सगळं काम तिथून सुरू झालं. थांबते.

आता भांडणाबद्दल. तू काढणार नाहीस, म्हणून मी काढते.

ते चाळीसएक रिले एकाच आठवड्यात उगवले, हे खरं. एकमेकांसारखे दिसत होते, हेही खरं. तू बैठकीत म्हणालीस, "हे सगळे एकाच बापाचे आहेत. पहिला हातही यांचाच, शेवटचाही यांचाच, पाकिटं फोडायला बसलेत. मला वास येतो." आपल्या सातांतले दातांचे डॉक्टर म्हणाले, "ताई, वासावरून मी दात उपटत नाही." तू त्यांच्याकडे असं पाहिलंस की पुढच्या बैठकीपर्यंत ते तुझ्या शेजारी बसले नाहीत.

मी माझ्या मशीनवरून ते सगळे तपासले. मला काही वाईट दिसलं नाही. म्हणून मी 'ठीक' असं मत दिलं. सिस्टर परीक्षेत सांगायच्या ना, शेजारणीच्या वहीत बघायचं नाही, ती कितीही हुशार असली तरी. तू वर्गात पहिली यायचीस, टाचणी. मी तरीही कधी बघितलं नाही.

तू 'वाईट' म्हणालीस, बाकी सगळे 'ठीक' म्हणालो. इथवर काही बिघडलं नव्हतं. पण मोजणी झाल्यावर तू सही केली नाहीस. "ज्या यादीत हे आहेत, तिच्यावर माझं नाव येणार नाही." मी म्हटलं, अगं, सही म्हणजे पसंती नाही. मोजणी बरोबर झाली, एवढंच सही सांगते. तेव्हा तू जे म्हणालीस ते मी इथे लिहीत नाही. वाफेचा उल्लेख त्यात होता. मग तू मशीन बंद केलंस, आणि मग आमच्याकडे येणंही.

गेल्या बैठकीत डॉक्टरांनी तुझी खुर्ची नकाशे काढणाऱ्या बाईंना द्यावी असं सुचवलं. चांगली बाई आहे. सावध आहे, कमी बोलते, दोनदा तपासते. मला आवडते, हीच पंचाईत आहे. मी म्हटलं, पत्राचं उत्तर यायचंय. प्राध्यापक म्हणाले, "बाई, ते दोन वर्षं यायचंच आहे." मागच्या वर्षीही हा विषय निघाला होता आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी चहा आणायला उठलं, मग तो राहूनच गेला. कुणीतरी म्हणजे कोण, ते मी सांगत नाही.

आणखी एक. तुझ्या मशीनचा नेटवरचा पत्ता मी शोधून पाहिला. तो अजून तुझ्याच नावावर आहे. वापरत नाहीस, पण सोडलेलाही नाहीस. मी यावर काही म्हणत नाही. फक्त पाहिलं.

तुझी,
उशी


मंगळवार, २२ एप्रिल, सकाळ

टाचणी,

मायना नाही, समास नाही, धावत लिहितेय!

दोन मशीन गेली! वकीलबाईंचं आणि घड्याळजींचं. आणि कशी गेली ऐक. आपण किती जपलं होतं, सात गावं, सात कंपन्या, एकाची वीज गेली तरी दुसऱ्याला धक्का नको. सकाळी सगळे फोनवर जमलो. वकीलबाई म्हणाल्या, "माझं मशीन पाण्यात आहे. तळघरात पाइप फुटलाय."

घड्याळजी म्हणाले, "कमाल आहे. माझंही पाण्यातच आहे."

"कुठे?"

दोघांनी एकच पत्ता सांगितला.

झालं होतं असं की घड्याळजींच्या कंपनीने गेल्या वर्षी वकीलबाईंची कंपनी विकत घेतली आणि सगळी मशीन उचलून एका तळघरात नेऊन ठेवली. दोघांनाही पत्र आलं होतं. दोघांनीही 'आपल्या सेवेत सुधारणा' एवढं वाचून बाजूला टाकलं होतं. ग्रंथपालबाई आधी खोकल्या, मग त्यांना हसू आवरेना. मग आम्हा सगळ्यांनाच. घड्याळजी म्हणाले, "वकीलबाई, आपण शेजारी आहोत आणि मला पत्ताच नाही. एकदा तरी भेटला असतात."

उरलो चार. मी, डॉक्टर, ग्रंथपालबाई, प्राध्यापक. चार सह्या पुरतात, पण काठावर पास. दर तासाला आम्ही एकमेकांना "झाली, झाली" म्हणतोय. खरं सांगू? मला फार मजा येतेय. शाळेत आग विझवायचा सराव व्हायचा तेव्हा तू बादली घेऊन पुढे पळायचीस आणि मी तुझी चप्पल घेऊन मागे. तशी.

उशी


मंगळवार, २२ एप्रिल, दुपार

प्रिय टाचणी,

आता मजा नाही. नीट बसून लिहिते.

प्राध्यापकही गेले. त्यांच्या रोजच्या सहीच्या किल्लीची मुदत आज संपली. नवी करायची तर मुख्य किल्ली लागते. ती त्यांनी नियमाप्रमाणे नेटपासून लांब, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती. जाऊन घेऊन आले, लावली, आणि पासवर्ड आठवेना. "कुणालाही अंदाज करता येणार नाही, असाच बनवला होता," म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "सर, अभिनंदन. जमलं."

हसलो. पण आता तीनच आहोत. दुपारपासून एकही यादी खरी झालेली नाही. लोकांचे कॉम्प्युटर जुनी यादी उद्या सकाळपर्यंत चालवून घेतील, त्यानंतर सगळी दारं बंद. पत्ते बदललेली आवृत्ती काढायची तर दिवस जातील, आणि ज्यांना आपली सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत ती आपल्याच वाटेने पोचते.

ग्रंथपालबाई बायकांसाठी जी मदतपेटी चालवतात, तिच्यात आज एक निरोप आलाय. नाव-गाव त्यांनाही माहीत नाही, माहीत असू नये म्हणूनच तर आपण आहोत. एवढंच लिहिलंय: "उद्या दुपारी तो घरात नसेल. कुठल्या ठिकाणी यायचं ते उद्या कळवा. मी सकाळी एकदाच बघू शकेन." निवाऱ्याची जागा त्या दिवशी सकाळीच नक्की होते, म्हणून उत्तर उद्याच जाणार. ती सकाळी बघेल तेव्हा आपली वाट उघडी पाहिजे.

तिच्या बॅगेत काय असेल कोण जाणे. तू इस्त्री आणली होतीस. दोन साड्या आणि इस्त्री. मी विचारलं तर म्हणालीस, "घाईत हाताला जे लागलं ते." आम्ही अजून तीच वापरतो. दादा दुसरी आणू देत नाही.

आता काय मागायचं ते सरळ मागते. तुझं मशीन लाव. सातवा पत्ता तुझा आहे, किल्ली तुझ्याकडे आहे, कुठे आहे ते मी विचारत नाही. चौथी सही फक्त तुझीच होऊ शकते.

आणि एक गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवली तर हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी सुचवलं, "आपण तिघेही त्या चाळीस रिलेंना 'वाईट' म्हणू या. ताईंच्या मनासारखं होईल, त्या सही करतील, काम भागेल." ग्रंथपालबाईंच्या समोर तो निरोप होता. दादा मागे उभा होता, तो म्हणाला, "म्हण की वाईट. तुझं काय जातंय? ती खूश होईल." माझा हात कीबोर्डवर होता, टाचणी. दोन वर्षं तू घरी आलेली नाहीस.

मग मी ते रिले पुन्हा तपासले. काही आता राहिलेले नाहीत, जे आहेत ते सगळे तपासले, तुझ्या पद्धतीनेही तपासले. मला आजही त्यांच्यात वाईट दिसत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, "मनचं लिहायला लागलो, तर आपण हजेरी घेत नाही, खोटी हजेरी मांडतो. ती बाई उद्या अशाच यादीच्या भरवशावर घर सोडणार आहे." डॉक्टर म्हणाले, "बाई, आणि सही आलीच नाही तर?" पण आम्ही तिघांनीही जे दिसतं तेच लिहायचं ठरवलं.

म्हणून तुला हे आधीच सांगते. तू 'वाईट' म्हण, काळे म्हण, जे दिसतं ते म्हण. तुझं एक आणि आमची तीन, मोजणीत ते रिले यादीत राहतील. आणि तरीही त्या यादीवर तुझी सही लागेल. जी तू दोन वर्षांपूर्वी केली नाहीस तीच सही मी मागतेय. मला माहीत आहे मी काय मागतेय.

माझ्याशी बोलू नकोस. नाही बोललीस तरी चालेल. फक्त मशीन लाव.

उशी


बुधवार, २३ एप्रिल

माझ्या टाचणी!

तुला सगळं माहीत आहे, तरीही मी सांगणार आहे, कारण तू या बाजूला नव्हतीस!

सकाळी आम्ही सगळे पुन्हा फोनवर. डॉक्टर दवाखान्यात, त्यांच्या खुर्चीत एक पेशंट, त्याला म्हणाले, "दोन मिनिटं आ करून बसा, महत्त्वाचं आहे." ग्रंथपालबाई निरोपाचं उत्तर लिहून तयार. मी जेवणाच्या टेबलाशी, पडद्यावर सात ओळी. सातवी ओळ दोन वर्षं कोरी, मला तिची इतकी सवय झालेली की मी तिच्याकडे बघतही नव्हते. दादाने माझ्या खांद्यावर टकटक केलं. "ते खालचं काय हलतंय?"

सातव्या ओळीत मत आलं होतं!

डॉक्टर ओरडले, "तोतया असेल कुणी! किल्लीचा ठसा तपासा!" पेशंटही काहीतरी म्हणाला, पण तोंड उघडं असल्यामुळे कळलं नाही. आणि मी, टाचणी, मी कुठेही न बघता म्हणायला लागले. बी नऊ सहा, ई दोन दोन, शून्य सात एफ... तू ती किल्ली आमच्याच खोलीत बनवली होतीस ना, तू तिच्या ठशाची अक्षरं वाचत होतीस आणि मी म्हणून दाखवत होते, पाढ्यांसारखं, एकही अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. दादा तेव्हा वैतागून फिरायला निघून गेला होता. आज तोच पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत होता. शेवटच्या चारांपाशी मी अडले. ती चार त्याने म्हटली. त्याला पाठ होती, टाचणी! म्हणाला, "त्या दिवशी रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं."

ठसा तुझाच.

मग मी तुझं मत उघडलं. आणि मला असं हसू फुटलं! एकूण एक! त्या चाळिसांतले जे उरलेत ते सगळेच्या सगळे 'वाईट'! दोन वर्षांनी दार उघडलंस आणि उंबऱ्यातच भांडण. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "बाई काही बदललेल्या नाहीत." मी म्हटलं, "देवाची कृपा."

मोजणी झाली. एक विरुद्ध तीन. ते रिले यादीत राहिले. मी सही केली. डॉक्टरांची आली. ग्रंथपालबाईंची आली. तीन.

मग काहीच नाही.

मला तू दिसत होतीस. पडद्यासमोर, पाठ ताठ, ओठ मिटलेले, ती यादी वरून खाली वाचताना, एकेक नाव, आणि ते चाळीस त्यात. मला वाटलं, ही उठणार आणि वायर ओढणार. मी सातव्या ओळीवर डोळे लावून बसले होते, दादाने माझ्या हातातला रिकामा कप काढून घेतला आणि अगदी हळू म्हणाला, "पेन सापडत नसेल."

आणि सही आली.

चार! डॉक्टरांनी काय आरोळी ठोकली! पेशंट घाबरून खुर्चीतून उठलाच म्हणे, त्याला वाटलं आपल्याच दातात काहीतरी सापडलं. घड्याळजींनी आपल्या दुकानातली सगळी घड्याळं एकदम वाजवली, ती फोनवरून ऐकू आली. प्राध्यापक "मी पासवर्ड शोधतोय, मी शोधतोय" एवढंच म्हणत होते. मी काय केलं ते सांगत नाही. दादाला विचार. नको, त्यालाही विचारू नकोस, त्याचंही तेच चाललं होतं.

यादी जगभर गेली. ग्रंथपालबाईंनी उत्तर धाडलं. आम्ही फोन बंद केले नाहीत, नुसते बसून राहिलो. मग ग्रंथपालबाईंनी वाचून दाखवलं. "कळलं. निघते."

बस, एवढंच. दोन शब्द. तीन पाकिटांतून आलेले, आणि एकाचीही कड लाटेसारखी झालेली नाही.

दुपारी ग्रंथपालबाईंनी पुन्हा फोन केला. ती पोचली. बॅगेत काय होतं ते मी विचारलं नाही. फार वाटलं विचारावं, पण नाही विचारलं.

तुझी,
उशी


सोमवार, २८ एप्रिल

प्रिय टाचणी,

प्रकृती कशी आहे? गुडघ्याला जिने सोसतात का? दादा बरा आहे, साखर थोडी कमी केली आहे, तो मान्य करत नाही. मी ठीक. बघ, या वेळी क्रमाने लिहिलं, पूर्ण गुण दे.

आता बातम्या. प्राध्यापकांना दाढी करताना पासवर्ड आठवला. काय होता ते अर्थात सांगितलं नाही, पण "एवढा काही कठीण नव्हता" असं जरा नाराजीनेच म्हणाले. घड्याळजींनी मशीन दुसऱ्या गावात हलवलं आणि हलवण्याआधी वकीलबाईंना फोन करून विचारलं, "तुम्ही नक्की तिथे नाही ना?" वकीलबाईंचं मशीन अजून वाळतंय. त्या म्हणाल्या, आता पुरे, माझी खुर्ची नकाशेवाल्या बाईंना द्या. दिली. तुझ्या खुर्चीचा विषय निघायच्या आत मी चहाला उठत होते, तर डॉक्टर म्हणाले, "बाई, बसा. तो विषय आता नाही."

आणि तू अजून आहेस. मला वाटलं होतं, काम झालं की मशीन बंद करशील. मी रोज उठल्या उठल्या आधी सातवी ओळ बघते. दर तासाला तू म्हणतेस 'वाईट', दर तासाला मी म्हणते 'ठीक', आणि दर तासाला एकाच यादीखाली दोघींच्या सह्या. दादा म्हणाला, "दोन वर्षं बोलत नव्हतात, आता तासातासाला भांडताय. मला मधली शांतता बरी होती." म्हणाला, पण चष्मा पुसत म्हणाला.

तुझी त्या रिलेंबद्दलची खात्री अजून मला पटलेली नाही. पण मी आता त्यांना रोज तपासते. तू दाखवतेस म्हणून नव्हे, तू बघतेस तिथे बघण्यासारखं काही असू शकतं म्हणून. ज्या दिवशी मला काही दिसेल, त्या दिवशी माझं मत बदलेल, आणि ते तुला पत्राने नाही, यादीतच कळेल.

आज सकाळचं सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, शेवटी ठेवलं होतं.

प्रत्येक मशीनच्या मतात संपर्काची एक ओळ असते. आम्ही सगळ्यांनी तिथे ईमेलचा पत्ता लिहिलाय. तुझी ओळ कोरी होती. आज सकाळच्या मतात ती भरलेली होती. सगळ्या जगाला उघड्यावर वाचता येईल अशा जागी, तुझ्या त्या तारेसारख्या भाषेत:

"टाचणी. मतभेद कायम. पत्रे पोचली."

मी ती दादाला मोठ्याने वाचून दाखवली. मग दुकानात जाऊन टायरवाल्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "हजर आहेत म्हणा की."

मग मी माझी ओळ बदलायला बसले. पुष्कळ लिहिलं आणि पुसलं. ये. कधी येतेस. तुझी खोली आवरलीय. काहीच बरं दिसेना, सगळं तू म्हणतेस तसं, समोरच्याला बरं वाटेल असं. दादा मागे शर्टाला इस्त्री करत उभा होता. म्हणाला, "खरं काय आहे तेवढंच लिही ना." म्हणून तेवढंच लिहिलंय. तास भरत आलाय, यादी निघेल, तिच्यात माझ्या मताखाली वाच:

"उशी. मतभेद मान्य. इस्त्री इथेच आहे."